अंतःस्रावी ग्रंथींचे स्वयंप्रतिकार आजार आणि आनुवंशिकता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे कोणत्या आजारांचा विचार केला आहे?

शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्याऐवजी स्वतःच्याच एखाद्या अंतःस्रावी ग्रंथीवर उलटते, तेव्हा होणाऱ्या आजारांचा. थायरॉइडचे काम मंदावणारा हाशिमोटोचा आजार आणि तेच काम बेसुमार वाढवणारा ग्रेव्हजचा आजार हे त्यांतले सर्वांत जास्त आढळणारे. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट झाल्या की टाइप 1 मधुमेह होतो, आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा बाहेरचा थर नष्ट झाला की ॲडिसनचा आजार होतो. पॅराथायरॉइड (थायरॉइडमागच्या, रक्तातले कॅल्शियम राखणाऱ्या लहान ग्रंथी), बीजकोश आणि मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी यांच्यावरही असा हल्ला होतो, पण तो क्वचित. आयोडीनच्या कमतरतेने होणारा गलगंड आणि टाइप 2 मधुमेह हे स्वयंप्रतिकार आजार नव्हेत, त्यामुळे त्यांचा येथे विचार केलेला नाही.

आईला थायरॉइडचा त्रास आहे. म्हणजे मला तो होणारच का?

नाही. शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, एवढेच म्हणता येते. हे ठामपणे सांगता येते ते जुळ्यांच्या अभ्यासांमुळे. एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. आजार केवळ जनुकांनी ठरत असता, तर एकाला झालेला आजार दुसऱ्याला हटकून झाला असता. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या नोंदींत ग्रेव्हजच्या आजाराबाबत असे दर 100 पैकी सुमारे 35 जोड्यांतच दिसले. टाइप 1 मधुमेहात बहुतेक अभ्यासांत हे प्रमाण 30 ते 50 आहे, आणि जुळ्यांचा वयाच्या साठीपर्यंत पाठपुरावा केला तेव्हा ते 65 च्या आसपास पोहोचले. म्हणजे दुसऱ्या भावंडाला आजार होणार असेल, तर तोही कित्येकदा वीस-तीस वर्षांनी.

सख्ख्या भावंडांचे गणित याहून सौम्य आहे. युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत टाइप 1 मधुमेह साधारण 250 ते 300 माणसांत एकाला होतो, तर रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत तो 100 पैकी 5-6 जणांना होतो. हे प्रमाण पंधरा पट आहे, आणि तरीही 94-95 भावंडे त्यातून सुटतात. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. याची दुसरी बाजू रुग्णांच्या पालकांना बहुधा कोणी सांगत नाही. टाइप 1 मधुमेह झालेल्या दर दहा मुलांपैकी आठ-नऊ मुलांच्या आईवडिलांत किंवा भावंडांत तो कोणालाच नसतो. तेव्हा ‘आमच्या दोन्ही घराण्यांत कोणालाच नाही, मग हे आले कुठून?’ हा प्रश्न अपवाद झालेल्या घराचा नाही, बहुसंख्य घरांचा आहे.

मग वारशाने नेमके येते ते काय?

आजार येत नाही. प्रतिकारशक्तीची एक ठेवण येते. त्या ठेवणीतला सर्वांत मोठा वाटा सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील एचएलए या जनुकसमूहाचा आहे. टाइप 1 मधुमेहाच्या आनुवंशिक धोक्यापैकी जवळजवळ निम्मा धोका याच एका ठिकाणी साठलेला आहे.

एचएलए प्रथिने पेशींच्या पृष्ठभागावर असतात आणि त्यांच्या मधोमध एक खाच असते. पेशी निरनिराळ्या प्रथिनांचे लहान तुकडे करून या खाचेत बसवते आणि टी पेशींपुढे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींपुढे, धरते. टी पेशी तो तुकडा पाहून ‘आपला’ की ‘परका’ हे ठरवतात. खाचेचा आकार माणसागणिक बदलतो, आणि कोणता तुकडा तीत घट्ट बसेल हे त्या आकारावर ठरते. आकाराचा हा फरक किती बारीक असू शकतो, हे 1987 मध्ये लक्षात आले. डीक्यू या एचएलए प्रथिनाच्या बीटा साखळीत 57 व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल असेल, तर टाइप 1 मधुमेहापासून बहुधा संरक्षण मिळते. तेथे दुसरे अमिनो आम्ल असेल, तर धोका वाढतो. दोनशेहून अधिक अमिनो आम्लांच्या साखळीतल्या एका जागेचा हा प्रश्न आहे.

डीआर 3-डीक्यू 2 आणि डीआर 4-डीक्यू 8 हे धोका वाढवणारे एचएलए जनुकांचे दोन प्रमुख संच आहेत. सर्वाधिक धोका असतो तो एक संच आईकडून आणि दुसरा वडिलांकडून आलेल्या मुलाला. एकाच प्रकारचे दोन संच मिळालेल्या मुलापेक्षाही त्याचा धोका जास्त असतो. वरवर हे कोड्यात टाकणारे वाटते. त्याचा उलगडा असा आहे : डीक्यू प्रथिन अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्या जोडून बनते. अशा मुलाच्या पेशींत आईच्या संचातली अल्फा साखळी आणि वडिलांच्या संचातली बीटा साखळी (किंवा याच्या उलट) एकत्र येऊन एक असे प्रथिन बनते, जे आईच्या शरीरातही नव्हते आणि वडिलांच्याही नव्हते. दोन्ही पालक निरोगी असताना मुलाला आजार का होतो, याचे एक उत्तर येथे अक्षरशः रेणूच्या रूपात सापडते. अर्थात हे दोन्ही संच घेऊन जन्मलेल्या मुलांपैकीही साधारण वीसात एकालाच मधुमेह होतो.

याउलट डीक्यू 6 चा एक प्रकार इतका संरक्षक आहे, की तो असलेल्या मुलांत टाइप 1 मधुमेह फारच क्वचित आढळतो. वारसा म्हटले की आपण फक्त वाईटाचाच हिशेब मांडतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

प्रतिकारशक्तीला ‘आपले’ ओळखायला शिकवते कोण?

छातीच्या हाडामागे असलेली थायमस ही ग्रंथी. नवजात टी पेशी तेथे काही दिवस राहतात. त्या मुक्कामात शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे त्यांना दाखवले जातात, आणि जी पेशी अशा तुकड्यावर जोराने उसळते तिला तेथेच संपवले जाते किंवा शांत पेशीत बदलले जाते. अडचण अशी, की इन्सुलिन बनते स्वादुपिंडात आणि थायरॉइडची प्रथिने बनतात गळ्यात. मग छातीतल्या या शाळेत ती दाखवायची कशी? थायमसमधील काही पेशी ती प्रथिने नमुन्यापुरती स्वतःच बनवतात, असे त्याचे उत्तर आहे. त्यातल्या बहुतेकांना ही मुभा देणारे जनुक म्हणजे 21 व्या गुणसूत्रावरील ‘एअर’, जे 1997 मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे शोधले.

ही गोष्ट कळली की इन्सुलिनच्या जनुकाचे कोडेही सुटते. 11 व्या गुणसूत्रावर या जनुकाच्या सुरुवातीला अगदी लागून डीएनएचा एक छोटा तुकडा पुनःपुन्हा आलेला असतो. कोणात तीस-चाळीस वेळा, तर कोणात दीडशेहून अधिक वेळा. लांब पुनरावृत्ती असलेल्या माणसांच्या थायमसमध्ये इन्सुलिन दोन ते तीन पट अधिक बनते, आणि त्यांना टाइप 1 मधुमेह कमी होतो. आखूड पुनरावृत्ती असेल तर शाळेत इन्सुलिनचा धडा जेमतेम शिकवला जातो आणि त्यावर उलटणाऱ्या टी पेशी परीक्षेत न अडता बाहेर पडतात. ग्रेव्हजच्या आजाराशी निगडित असलेल्या टीएसएच ग्राहीच्या (थायरॉइडला चेतवणारे टीएसएच हे संप्रेरक ज्या प्रथिनाला जोडले जाते त्याच्या) जनुकाबाबतही अशाच यंत्रणेचे पुरावे मिळाले आहेत.

केवळ एका जनुकातील बिघाडामुळे असे आजार होतात का?

होतात, पण फार क्वचित. ‘एअर’ जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असला की टाइप 1 बहुग्रंथीय स्वयंप्रतिकार विकार होतो. त्याची वाटचाल बहुधा ठरलेली असते : लहानपणी तोंडात आणि नखांत वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग, मग पॅराथायरॉइड निकामी होऊन रक्तातले कॅल्शियम घटल्यामुळे हातापायांत येणारे पेटके किंवा आकडी, आणि पौगंडावस्थेपर्यंत ॲडिसनचा आजार. फिनलंडमध्ये सुमारे 25,000 माणसांत एक आणि इराणी ज्यूंमध्ये सुमारे 9,000 माणसांत एक, असे याचे प्रमाण आहे. हे दोन्ही समाज दीर्घकाळ आपल्याआपल्यातच विवाह करत आले असल्याने एका पूर्वजाचा दोष त्यांच्यात पसरत गेला. भारतातही असे रुग्ण नोंदले गेले आहेत.

येथे महाराष्ट्रातील कुटुंबांना एक गोष्ट सांगावीच लागते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत आपल्याकडे अनेक समाजांत होती आणि काही ठिकाणी आजही आहे. आते-मामे भावंडांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा समान असतो. त्यामुळे एखादा दुर्मिळ दोष आजोबा-आजींकडून दोघांकडेही आलेला असण्याची, आणि म्हणून बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत असलेले पण स्वतः निरोगी, असतील, तर प्रत्येक गर्भारपणात ती चारात एक असते. हाशिमोटोसारख्या नेहमीच्या आजाराला मात्र हा नियम लागू होत नाही.

दुसरे उदाहरण एक्स गुणसूत्रावरील ‘फॉक्स-पी 3’ या जनुकाचे. थायमसच्या शाळेतून चुकून सुटलेल्या पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी या जनुकाशिवाय घडतच नाहीत. त्यात दोष असलेल्या मुलग्यांना जन्मानंतर काही आठवड्यांतच मधुमेह, सततचे जुलाब आणि इसबासारखे चट्टे होतात. आई मात्र वाहक असूनही निरोगी असते. या पेशींचा आणि या जनुकाचा शोध लावणाऱ्या शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एचएलए सोडून इतर कोणती जनुके महत्त्वाची आहेत?

टाइप 1 मधुमेहाशी निगडित अशा साठाहून अधिक जागा आजवर सापडल्या आहेत. त्यांतील बहुतेकींचा वाटा एकेकटा पाहिला तर किरकोळ आहे. संपूर्ण यादी देण्यात अर्थ नाही. दोन नावे पुरेशी आहेत.

‘सीटीएलए 4’ हा टी पेशींचा ब्रेक आहे. तो थोडा सैल करणारे जनुकीय बदल ग्रेव्हज, हाशिमोटो, टाइप 1 मधुमेह आणि ॲडिसन या चारही आजारांत आढळतात. याचा अनपेक्षित पुरावा कर्करोगाच्या उपचारांतून मिळाला. 2011 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इपिलिमुमॅब हे औषध हाच ब्रेक मुद्दाम सोडवते, जेणेकरून टी पेशी कर्करोगावर तुटून पडाव्यात. आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांत पियुषिका आणि थायरॉइड या ग्रंथींना सूज आली. निसर्गाने हळूहळू केले असते ते औषधाने काही आठवड्यांत करून दाखवले.

दुसरे नाव ‘पीटीपीएन 22’. या जनुकातील एका अक्षराच्या बदलाचा टाइप 1 मधुमेहाशी असलेला संबंध 2004 मध्ये उघड झाला. उत्तर युरोपात हा बदल सर्रास आढळतो; पूर्व आशियात तो जवळजवळ नाहीच आणि भारतातही विरळ आहे. युरोपीय माणसांवर बेतलेली धोक्याची कोष्टके जशीच्या तशी आपल्याला लावू नयेत, ते यासाठीच.

भारतीयांवर या संदर्भात काही काम झाले आहे का?

झाले आहे. दिल्लीच्या एम्समधील संशोधनातून असे दिसले, की टाइप 1 मधुमेह असलेल्या उत्तर भारतीयांत डीआर 3 चा वाटा मोठा आहे, आणि ज्या संचातून तो येतो तो युरोपीय संचापेक्षा वेगळा, खास भारतीय आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील रुग्णांवर आधारलेले आणि हैदराबादची सीसीएमबी ही पेशी व रेणवीय जीवशास्त्राची संशोधन संस्था व इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठ यांच्यासह केलेले संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपीय माहितीवरून तयार केलेला जनुकीय धोक्याचा गुणांक भारतीय रुग्णांतही टाइप 1 आणि टाइप 2 मधुमेह वेगळे ओळखायला उपयोगी पडतो, पण युरोपातल्याइतका नेमका ठरत नाही, असे त्यात आढळले. आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. भारतात टाइप 2 मधुमेह तरुण आणि सडपातळ माणसांनाही होतो, त्यामुळे पंचविशीतल्या बारीक रुग्णाला कोणता मधुमेह आहे हे नुसते पाहून ठरवणे अनुभवी डॉक्टरांनाही जड जाते.

आमच्या घरात मावशीला कोड, आजीला थायरॉइड आणि भावाला टाइप 1 मधुमेह आहे. यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो का?

असू शकतो. एचएलए, सीटीएलए 4 आणि पीटीपीएन 22 हे धागे या सर्व आजारांत समान आहेत. कोणाच्या वाट्याला कोणती ग्रंथी येईल हे इतर जनुके, परिस्थिती आणि योगायोग यांवर ठरते. म्हणून डॉक्टरांनी ‘घरात कोणाला थायरॉइड?’ एवढेच विचारून थांबू नये, आणि रुग्णानेही कोड, गव्हाच्या ग्लूटेनमुळे होणारा सिलिॲक आजार, बी 12 न शोषले गेल्याने होणारा पंडुरोग आणि पाळी अकाली थांबणे हे सगळे सांगावे. कोडाबद्दल अजूनही घराघरांत लपवाछपवी चालते आणि लग्न ठरेपर्यंत त्याचा उच्चारही होत नाही. वैद्यकीय इतिहासातला सर्वांत उपयोगी दुवा त्यामुळे हरवतो.

एकाच माणसात दोन ग्रंथी बिघडल्या, तर त्यांतला एक जोड जिवावर बेतू शकतो. थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर बरे वाटण्याऐवजी रुग्ण आणखी गळून जातो, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, वजन घटते, काहीतरी खारट खावेसे वाटते. अशा वेळी तळहात उघडून पाहावेत. तळहातावरच्या रेषा आणि हिरड्या काळसर पडल्या असतील, तर थायरॉइडबरोबर ॲडिसनचा आजारही असण्याची दाट शंका घ्यावी. थायरॉइडच्या गोळीतल्या थायरॉक्सिनमुळे अधिवृक्क ग्रंथींत बनणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा निचरा वेगाने होतो, आणि मुळात ते बनतच नसेल तर रुग्ण कोसळतो. म्हणून आधी कॉर्टिसॉलची जागा घेणारे स्टेरॉइड आणि नंतर थायरॉक्सिन हा क्रम पाळावा लागतो. गव्हाळ किंवा सावळ्या वर्णावर हा काळेपणा ‘ऊन लागले’ म्हणून सहज सोडून दिला जातो. मात्र आपल्याकडे ॲडिसनचा प्रत्येक आजार स्वयंप्रतिकार समजू नये, कारण क्षयरोगानेही अधिवृक्क ग्रंथी नष्ट होतात. 1855 मध्ये थॉमस ॲडिसन यांनी वर्णन केलेल्या रुग्णांपैकीही अनेकांना क्षयच होता.

हे आजार बायकांनाच जास्त का होतात?

थायरॉइडचे स्वयंप्रतिकार आजार स्त्रियांत पुरुषांपेक्षा पाच ते दहा पट आढळतात. टाइप 1 मधुमेहात मात्र बालवयात असा फरक जवळजवळ नसतो. स्त्रियांच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि त्यांतले एक बंद ठेवले जाते. हे बंद ठेवणे काही स्त्रियांत असमतोल झालेले असते. शिवाय ते काम करणारा ‘झिस्ट’ हा आरएनए आणि त्याला चिकटलेली प्रथिने यांच्याविरुद्धच प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार होऊ शकतात, हे 2024 मधील संशोधनाने दाखवले. पण टर्नर विकारात एकच एक्स गुणसूत्र असूनही हाशिमोटोचे प्रमाण खूप जास्त असते, त्यामुळे ‘दोन एक्स म्हणून’ एवढ्या उत्तरावर समाधान मानता येत नाही. डाउन विकारातही थायरॉइडचा त्रास आणि टाइप 1 मधुमेह अधिक दिसतात. डाउन विकारात 21 वे गुणसूत्र एक जास्त असते, आणि ‘एअर’ जनुक त्याच गुणसूत्रावर आहे, हे येथे आठवावे.

जनुके तीच असताना रुग्ण का वाढत आहेत?

कारण एका-दोन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत, परिस्थिती बदलते. याचे सर्वांत बोलके उदाहरण फिनलंड आणि त्याच्या सीमेपलीकडील रशियन करेलिया यांचे आहे. दोन्हीकडच्या लोकांत धोक्याचे एचएलए संच जवळजवळ सारख्याच प्रमाणात असूनही, 2005 मधील अभ्यासानुसार फिनलंडच्या मुलांत टाइप 1 मधुमेह सहा पट होता. आतड्यांतील जंतूंची घडण, एंटेरोव्हायरससारखे विषाणू, बालपणातील संसर्गांची कमी झालेली संख्या यांकडे संशयाने पाहिले जाते. थायरॉइडच्या बाबतीत आयोडीनही जमेस धरावे लागते. त्याची कमतरता दूर झालेल्या प्रदेशांत स्वयंप्रतिकार थायरॉइडदाह वाढलेला आढळला आहे. यावरून कोणी आयोडीनयुक्त मीठ बंद करू नये. कमतरतेने गर्भाच्या मेंदूचे होणारे नुकसान कितीतरी मोठे आणि न भरून येणारे असते.

जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

बहुतेकांनी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लाळेच्या नमुन्यावरून धोका सांगणारे संच आकर्षक वाटतात, पण हाशिमोटोच्या शक्यतेबद्दल त्यातून जे कळते त्याहून अधिक साध्या टीएसएच आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांची) या रक्ततपासण्यांतून कळते. इंग्लंडमधील व्हिकम येथे वीस वर्षे चाललेल्या पाठपुराव्यात, टीएसएच वाढलेले आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडेही असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे 4 टक्के स्त्रियांचा थायरॉइड उघडपणे मंदावला. इतका उपयोगी आकडा कोणतीही जनुकीय चाचणी येथे देत नाही.

अपवाद मात्र काटेकोरपणे पाळावेत. सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या प्रत्येक बाळाची जनुकीय तपासणी झालीच पाहिजे, कारण त्या वयातला मधुमेह बहुधा स्वयंप्रतिकार नसतो, आणि त्यातील काही बाळांची इन्सुलिनची इंजेक्शने थांबून तोंडाने घ्यायच्या साध्या गोळीवर काम भागते. लहान वयात बुरशीचा हट्टी संसर्ग आणि कॅल्शियमची कमतरता एकत्र दिसली, तर ‘एअर’ जनुकाची तपासणी करावी.

मोठ्या मुलाला टाइप 1 मधुमेह आहे. धाकटीची तपासणी करावी का?

करता येते. येथेही जनुकांपेक्षा प्रतिपिंडे अधिक सांगतात. इन्सुलिन, जीएडी, आयए 2 आणि झिंक वाहक 8 या बीटा पेशींतल्या प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी दोन किंवा अधिक प्रकार लहानपणी आढळले, तर पुढच्या दहा वर्षांत सुमारे 70 टक्के मुलांना मधुमेह होतो. एकही नसेल तर धोका बराच कमी असतो. आधी कळल्याचा मोठा फायदा असा, की मूल रक्तातील आम्लता वाढून अतिदक्षता विभागात पोहोचण्याआधीच इन्सुलिन सुरू करता येते. तेप्लिझुमॅब या औषधाने पूर्वावस्थेतील (प्रतिपिंडे आहेत पण मधुमेह अजून उघड झालेला नाही अशा) व्यक्तींचा मधुमेह सरासरी दोन वर्षे पुढे ढकलला गेल्याचे 2019 मध्ये दिसले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दोन वर्षे ऐकायला थोडी वाटतात. पाच बोटांवरून दिवसातून चार वेळा रक्त काढणाऱ्या आईला ती थोडी वाटत नाहीत.

मला ग्रेव्हजचा आजार आहे आणि बाळाला जन्मतःच थायरॉइड वाढलेला निघाला. हा माझ्याकडून गेलेला वारसा आहे का?

जनुकांचा वारसा या अर्थाने नाही. ग्रेव्हजमध्ये तयार होणारी प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि त्याच्या थायरॉइडलाही आईच्याप्रमाणेच चेतवतात. पूर्वी शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन घेऊन आई पूर्ण बरी झालेली असली, तरी ही प्रतिपिंडे रक्तात टिकून असू शकतात. म्हणून गर्भारपणात टीएसएच ग्राहीविरोधी प्रतिपिंडांची पातळी तपासावी आणि जुन्या आजाराची माहिती प्रसूतितज्ज्ञांना आवर्जून द्यावी. बाळाच्या रक्तातील आईची प्रतिपिंडे काही आठवड्यांत, फार तर तीन-चार महिन्यांत ओसरतात आणि त्याबरोबर त्याचा थायरॉइडही पूर्ववत होतो. तोवर बाळाच्या हृदयाचे ठोके, वजन आणि रक्ततपासण्या यांवर बालरोगतज्ज्ञांचे लक्ष असावे लागते.